आपल्या तासाचे मोल
(पुणे शहरातील बौद्धजनांच्या सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



सेवा-व्यवसायांत राबणाऱ्या लोकांच्या मजुरीची मोजदाद, असा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विहारातील सभेला हा विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. धम्माच्या सभेत शील, समाधी, प्रज्ञा यांविषयी बोलावे. तेथे तास, रुपये आणि सरासरी यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका हे एक स्वतंत्र अंग आहे. आणि आजीविकेचा विचार मजुरीच्या हिशेबावाचून पुरा होत नाही. शिवाय या सभेत बसलेल्या भगिनींपैकी कित्येकजणी उद्या पहाटे कोथरूडला, औंधला, बाणेरला कामावर जातील. कित्येक तरुण हिंजवडीच्या वा खराडीच्या इमारतीच्या दारात रखवालदार म्हणून उभे राहतील. कोणी उपाहारगृहात, कोणी इस्पितळात, कोणी दुकानात, कोणी रस्त्याच्या सफाईवर असेल. ही सर्व माणसे सरकारी भाषेत 'सेवा क्षेत्रा'त मोडतात. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

प्रथम 'सेवा' या शब्दाकडेच पाहा. चातुर्वर्ण्याच्या व्यवस्थेत शूद्रांच्या वाट्याला जे कर्तव्य आले, त्याचे नावही सेवाच होते. त्या सेवेला मोल नव्हते. कारण ती धर्म म्हणून सांगितली होती, आणि धर्माची मजुरी कोणी मागत नसतो. आजच्या अर्थशास्त्रातील सेवा ही मोल घेऊन करावयाची गोष्ट आहे. शब्द एकच, परंतु अर्थात आकाशपाताळाचे अंतर. आपल्याला विचारावयाचे ते एवढेच की, पुणे शहरात आपली माणसे यांपैकी कोणत्या अर्थाची सेवा करीत आहेत? जुन्या अर्थाची की नव्या?

वतनाचा काळ

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी महारकी म्हणजे काय होते, हे नव्याने धम्मात आलेल्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे. १८७४ सालच्या वतन कायद्याखाली महार हा गावचा व सरकारचा वंशपरंपरेचा चाकर होता. टपाल पोचविणे, सारा वसुलीस माणसे बोलाविणे, अंमलदारांचे ओझे वाहणे, मेलेली गुरे ओढणे, मयताची वर्दी परगावी नेणे, ही कामे त्याच्या माथी होती. त्याला दिवस नव्हता, रात्र नव्हती. तो आजारी असला तर त्याच्या मुलाने, मुलगा नसेल तर घरच्या बाईने ते काम करावे, अशी अपेक्षा असे. मोबदला म्हणून वतनाच्या जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर.

या व्यवस्थेचे मर्म कशात होते? बलुते थोडे होते, हे तर खरेच. परंतु खरे मर्म असे की, त्या कामाला माप नव्हते. किती तास काम केले आणि त्याबद्दल किती मिळाले, हा प्रश्नच विचारता येत नव्हता. ज्याच्या वेळेला माप नाही त्याची सारीच वेळ दुसऱ्याच्या मालकीची होते, आणि ज्याची सारी वेळ दुसऱ्याची, तो माणूस गुलाम असतो. मग त्याला कोणी वतनदार म्हणो की आणखी काही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते याच कारणाने. ते बिल त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते. पण त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली, आणि त्यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी हलकी ठरविलेली गावकी सोडली. बहिष्कार सोसले, उपासमार सोसली, आणि कित्येक कुटुंबे शहरांकडे आली.

शहराने आपल्याला काय दिले? वेतन दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु कामे पुष्कळ अंशी तीच दिली. झाडू, घाण, ओझे, उष्टी भांडी, दारावरचा पहारा. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला सिद्धांत पुण्याच्या कोणत्याही मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर सकाळी सात वाजता उभे राहिले असता डोळ्यांनी पाहता येतो.

बाबासाहेबांनी घड्याळ आपल्या बाजूला आणले

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या चार वर्षांचे कार्य आपल्या सभांतून जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही. १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी किमान वेतनाचे बिल बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते १९४८ साली कायदा झाले. त्या कायद्याच्या मूळ परिशिष्टात स्थानिक संस्थांच्या नोकरीचा समावेश होता, म्हणजे नगरपालिकेचा झाडूवालाही त्याच्या छत्राखाली आला होता. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. एका कायद्याने तास बांधले, दुसऱ्याने दर बांधला. तास बांधले नाहीत तर दर फसवा होतो, आणि दर बांधला नाही तर तास व्यर्थ जातात.

तिसरी गोष्ट याहूनही कमी ठाऊक आहे. १९४४ साली, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, श्री. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली. निरनिराळ्या धंद्यांत मजूर किती मिळवितो, कसा राहतो, किती वेळ राबतो, याची माहिती देशभर गोळा करण्यात आली. पुढे १९४६ साली केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो स्थापन झाले. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. आकड्यावाचून केलेली तक्रार ही विनवणी ठरते आणि आकड्यासह केलेली तक्रार ही मागणी ठरते, हा धडा त्यांच्या प्रत्येक निवेदनातून मिळतो. आपण त्यांचे अनुयायी म्हणवितो. मग आपल्या घरातील मजुरीचा आकडा आपल्याला ठाऊक असावयास नको काय?

सरासरीचा भुलावा

आता सरासरी या गोष्टीकडे वळू. सरकार आणि वर्तमानपत्रे सांगतात की, अमुक राज्यात सेवा क्षेत्रातील सरासरी कमाई अमुक झाली. अमेरिकेत प्रत्येक राज्याची सरासरी ताशी कमाई दरमहा प्रसिद्ध होते. इंग्लंडात १९९९ पासून राष्ट्रीय किमान वेतन ताशी दरानेच ठरते. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. त्यात पगारी माणसाची महिन्याची कमाई आणि रोजंदाराची दिवसाची कमाई विचारतात. आठवड्यात प्रत्यक्ष किती तास काम केले, हेही विचारतात. तेव्हा ताशी मजुरी काढण्याची सामग्री सरकारजवळ आहे. परंतु आपल्या देशात पगार महिन्याचा आणि रोज दिवसाचा बोलण्याची चाल असल्यामुळे तासाचा आकडा कोणाच्या तोंडी नसतो.

सरासरी कशी फसविते, याचे एक साधे उदाहरण घ्या. समजा एका कचेरीत दहा माणसे आहेत. एक अभियंता आहे, त्याला तासाला ९०० रुपये पडतात. उरलेले नऊ झाडलोट करणारे, चहा देणारे व पहारेकरी आहेत, त्यांना तासाला ५० रुपये पडतात. सर्वांची बेरीज १,३५० झाली. दहांनी भागा, सरासरी १३५ रुपये आली. आता मला सांगा, त्या कचेरीत १३५ रुपये कोणाला मिळतात? एकालाही नाही. दहांची रांग लावून मधल्या माणसाला विचारा, तो ५० सांगेल. सेवा क्षेत्र या एका पिशवीत हिंजवडीचा संगणक-तज्ज्ञ आणि त्याच्या मेजाखालचा केर काढणारी बाई, दोघेही घातलेले असतात. पिशवीचे वजन वाढले म्हणजे बाईचे वजन वाढले असे होत नाही. म्हणून जेव्हा कोणी सरासरी सांगेल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ही सरासरी कोणत्या कामाची? तीत स्त्रिया किती व पुरुष किती? आणि ती किती तासांवर काढली?

कागदावरचा तास आणि घड्याळातला तास

मी वकिली करतो. माझ्याकडे येणारा कामगार पगार किती, हे तात्काळ सांगतो. परंतु तासाला किती पडतात, असे विचारले की तो गप्प होतो. म्हणून आपण येथेच एक हिशेब करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत; आपापले आकडे आपण घरी घालून पाहावेत.

एक भगिनी ठेकेदाराकडून एका कचेरीत सफाईला आहे. पगार १३,००० रुपये. कागदावर काम आठ तासांचे आणि महिन्याचे दिवस २६. म्हणजे २०८ तास. भागाकार केला तर तासाला साडेबासष्ट रुपये. प्रत्यक्षात ती सकाळी साडेसहाला हजेरी लावते आणि संध्याकाळी पाचला सुटते. मधला अर्धा तास विश्रांतीचा सोडला तर काम दहा तास. सव्वीस दिवसांचे तास २६० झाले, आणि तासाचे मोल ५० रुपयांवर आले. पगाराचा आकडा तोच राहिला. परंतु प्रत्येक तासातून साडेबारा रुपये कोणीतरी काढून घेतले. एवढ्यावर हिशेब संपत नाही. आठवड्याच्या ४८ तासांच्या मापाने पाहता महिन्याचे ५२ तास जादा झाले. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असा कायदा आहे. दुप्पट दर सव्वाशे रुपये; ५२ तासांचे ६,५०० रुपये. पगाराच्या निम्मी रक्कम ही बाई दरमहा ठेकेदारास दान करते आणि तिला त्याची वार्ताही नाही! त्यात ताडीवाला रस्त्यावरून वा जनता वसाहतीतून बसने जाण्यायेण्याचा वेळ मी धरलेलाच नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांत व आस्थापनांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. ज्याला आपला तास मोजता येत नाही, त्याला दहावा तास केव्हा संपला आणि जादा काम केव्हा सुरू झाले, हे कसे कळणार?

मोलकरीण भगिनींचा हिशेब

घरकाम करणाऱ्या भगिनींचा हिशेब याहून अवघड आहे, कारण तेथे तासही बोललेला नसतो. काम बोललेले असते. भांड्यांचे इतके, केर-फरशीचे इतके, धुण्याचे इतके, पोळ्यांचे इतके. समजा एका घरी धुणे-भांड्याचे महिन्याला २,१०० रुपये ठरले आणि काम रोज तासाभराचे आहे. दोन सुट्या धरून २८ दिवस गेले तर तासाला ७५ रुपये पडतात. पुढे त्या घरी माणसे वाढली, पाहुणे आले, दिवाळीची साफसफाई निघाली आणि काम दीड तासावर गेले. तास ४२ झाले आणि मोल ५० रुपयांवर उतरले. बाईला वाटते, आपला पगार कायम आहे. पगार कायम आहे, पण मजुरी तृतीयांशाने घटली आहे.

या बाबतीत पुणे शहराला एक इतिहास आहे. १९८० साली येथील मोलकरणींनी काम बंद ठेवून संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. लिहितावाचता न येणाऱ्या, एकेका घरात एकटीने काम करणाऱ्या बायका संप करू शकतात, हे या शहराने तेव्हा पाहिले. पुढे २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कायदा नोंदणी व कल्याण यांचा आहे. मजुरीचा दर त्यात नाही. कर्नाटक, केरळ, राजस्थान यांनी घरकामासाठी किमान वेतन ठरविले. तामिळनाडूने २०१८ साली ताशी दर ठरविला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी २०११ साली स्वतंत्र करार केला. महाराष्ट्रातील भगिनींनी ताशी दर मागावयाचा असेल तर आज तास किती आणि त्याला मिळतात किती, हे त्यांनाच सांगता आले पाहिजे. ते दुसरा कोणी सांगणार नाही.

मोजल्याने हक्क कसा मिळतो, याचे दुसरे उदाहरणही पुण्याचेच आहे. १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत येथे स्थापन झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्याही बहुतांशी आपल्याच समाजांतील. आपण कचऱ्यातून किती माल वेगळा काढतो आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे त्यांनी मोजून दाखविले. त्या मोजमापाच्या बळावर, ज्यांना रस्त्यावर हटकले जात असे त्या स्त्रियांना कामगार म्हणून ओळखपत्रे मिळाली.

कायदा आज काय म्हणतो

आता कायद्याची बाजू. १९४८ चा किमान वेतन कायदा आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. त्याची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यातील ज्या गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात, तेवढ्याच सांगतो.

पहिली गोष्ट, पूर्वी परिशिष्टात नाव असलेल्या धंद्यांनाच किमान वेतन लागू असे. आता ते बंधन काढले आहे. दुसरी, किमान दर तासाचा, दिवसाचा वा महिन्याचा ठरविता येतो. महाराष्ट्रातील जुन्या अधिसूचनांत अर्धवेळ कामगारासाठी अशी तरतूद असे की, दिवसाच्या दराला कामाच्या तासांनी भागून येणाऱ्या ताशी दरात १५ टक्के वाढ करावी. म्हणजे तासावर काम देणाऱ्याने स्वस्तात काम उरकू नये, हा विचार आपल्या राज्यात नवा नाही. तिसरी, महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकावरून वर्षातून दोनदा ठरतो. जानेवारी व जुलै या महिन्यांनंतर पगारात काही फरक पडला की नाही, हे प्रत्येकाने पाहावे. चौथी, मालकाने वेतनचिठ्ठी दिली पाहिजे. पाचवी, ठेकेदाराने पगार बुडविला तर ज्याच्या जागेत काम झाले त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. सहावी, कमी मिळालेल्या पैशांची मागणी पूर्वी सहा महिन्यांच्या आत करावी लागे. आता मुदत तीन वर्षांची आहे. सातवी, पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, आणि मागणी सिद्ध झाल्यास तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे. आठवी, किमान वेतनाहून कमी घेण्यास मी राजी आहे असे कोणी लिहून घेतले तरी तो कागद कवडीमोल आहे.

या सर्वांच्या वर संविधान आहे. त्याच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम होय. कारण उपाशी माणसाची संमती ही खरी संमती नसते. भूक हीसुद्धा एक सक्तीच आहे. तेव्हा ज्या घरात किमान मजुरीहून कमी पैशात कोणी राबत आहे, त्या घरात वतनाची वेठ अजून संपलेली नाही, हे केवळ माझे मत नव्हे; देशाच्या सर्वोच्च न्यायासनाच्या विचारातून निघणारा हा सरळ अर्थ आहे.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक शंका असते. धर्म बदलल्याने आमचा काही हक्क जाईल काय? वेतनाच्या हक्काचा धर्माशी काडीमात्र संबंध नाही. आणि अनुसूचित जातींच्या सवलतींविषयी म्हणाल, तर १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा दर्जा कायम राहिला आहे. म्हणून कामावरच्या नोंदीत किंवा सरकारी सर्वेक्षणात धर्म विचारला तर 'बौद्ध' असे निःसंकोच सांगावे. आपण लपलो तर आपली मजुरीही आकड्यांत लपते.

नोकरी गेली तर?

आता तुमच्या मनातला प्रश्न मी जाणतो. वकीलसाहेब, तासांचा हिशेब मागितला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. मग मुलांच्या तोंडात काय घालू? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याला शौर्याचा उपदेश करणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे. म्हणून मी तुम्हाला उद्याच भांडा असे सांगत नाही. मी सांगतो की, उद्यापासून लिहा.

नोंद ठेवण्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही आणि ती त्याला दाखवावीही लागत नाही. तीन वर्षांची मुदत आहे. काम सुटल्यावरही मागणी करता येते. मागणी कामगार एकट्याने केली पाहिजे असेही नाही. ज्या नोंदणीकृत संघटनेचा तो सभासद आहे, ती संघटना त्याच्या वतीने अर्ज करू शकते. दररोजच्या दररोज लिहिलेले टिपण साक्ष देताना उपयोगी पडते, ही साक्षीच्या कायद्यातील जुनी गोष्ट आहे. तीन वर्षांनी आठवून सांगितलेले तास उलटतपासणीत टिकत नाहीत. त्या त्या दिवशी लिहिलेले तास टिकतात. आणि वकिलाच्या फीची चिंता असेल तर, स्त्रियांना व अनुसूचित जातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आपल्या घरचा तास

आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या घरांविषयी बोललो. आता जे सांगतो ते काहींना रुचणार नाही, तरी सांगितले पाहिजे. आरक्षणाने व शिक्षणाने आपल्यातील पुष्कळ कुटुंबे पुढे आली. बँकेत, महापालिकेत, महाविद्यालयात आपली माणसे आहेत, आणि त्यांच्याही घरी आता धुण्या-भांड्याला बाई येते. तिला आपण तासाला काय देतो? ती आजारी पडली तर खाडा कापतो की नाही? दिवाळीच्या आधी दुप्पट काम करून घेऊन पैसे तेवढेच देतो की नाही? बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आहे. तिच्याखाली उभे राहून याचे उत्तर द्यावे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. त्यात चाकराशी मालकाने कसे वागावे, याचे पाच नियम सांगितले आहेत. काम त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष गोडधोड झाले तर वाटा द्यावा, आणि वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश पाहा. त्यात कामाचे माप आहे, वेतन आहे, आजारपणाची तरतूद आहे आणि विश्रांती आहे. चाकराचा जन्म कोणत्या कुळातला, हा प्रश्न त्यात कोठेच नाही. पंचशिलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. दुसऱ्याचा मोबदला न दिलेला तास ठेवून घेणे हे न दिलेले घेणेच नव्हे काय? चोरी केवळ पेटीतून होत नाही. ती घड्याळातूनही होते.

काय करावे

शेवटी काही निश्चित सुचविल्यावाचून बोलणे संपविणे योग्य होणार नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक घराने एक वही घ्यावी. तिला पाच रकाने पाडावेत: तारीख, कामावर आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, विश्रांती, आणि मिळालेले पैसे. ज्या आईला लिहिता येत नाही तिच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलामुलीने रोज रात्री लिहावे. यातून मुलाला गणित येईल आणि आईचा दिवस किती लांब असतो, हेही कळेल. महिन्याच्या शेवटी पैशांना तासांनी भागावे आणि आलेला आकडा पानाच्या तळाशी लिहावा. तो आपल्या घराचा ताशी दर.

दर पौर्णिमेस आपण विहारात जमतोच. तीन महिन्यांनी त्या वह्या घेऊन या. नावे सांगण्याची गरज नाही. काम कोणते, स्त्री की पुरुष, आणि तासाला किती, एवढेच एका तक्त्यावर लिहू. सफाईवाल्यांची वेगळी ओळ, पहारेकऱ्यांची वेगळी, घरकामाची वेगळी. सरासरी काढूच, पण मधला आकडाही काढू आणि सर्वांत खालचाही काढू. कारण समाजाचे दुःख सरासरीत दिसत नाही, ते तळाच्या ओळीत दिसते. तो तक्ता सरकारच्या जाहीर झालेल्या दराशी ताडून पाहू. जेथे तूट दिसेल तेथे त्या त्या कामाच्या लोकांनी संघटनेमार्फत पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावे. अर्ज लिहून देण्याचे काम मी व माझे सहकारी विनामूल्य करू. सरकारी सर्वेक्षक घरी आला तर त्यालाही वहीतले खरे तास सांगावेत. कागदावरचे आठ नव्हे.

गावकीत आपल्या पूर्वजांच्या वेळेला माप नव्हते. बाबासाहेबांनी आपल्याला त्या गावाबाहेर आणले, कायदा करून माप हाती दिले, आणि दीक्षा देऊन ते माप धरण्यास लागणारा ताठ कणा दिला. आता मोजण्याचे काम तेवढे आपले आहे. ते उद्या पहाटे कामावर पाऊल ठेवताक्षणी सुरू व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.